राखण गावाची, निर्णय कोणाचा?

२७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावात आले. बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. बांबू भरलेली गाडी जंगलाबाहेर काढायची तर जी टीपी, म्हणजे हा वाहतूक परवाना, लागते, ती आजवर वनखातं फाडत होतं. आता गाव फाडणार होतं. सामूहिक वनहक्काचा दावा मेंढ्याला २००९ मध्येच मान्य झाला होता. सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा कागद गावाकडे होता. तरीही स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला गावाला दीड-पावणेदोन वर्षं भांडावं लागलं. वनखात्याचं म्हणणं असं की बांबू हे लाकूड आहे, आणि २००६ चा वनहक्क कायदा तर त्याला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हणतो. शास्त्राच्या हिशेबाने बांबू गवतच आहे. शेवटी मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांना सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तसं कळवावं लागलं, तेव्हा गाडी हलली.

या वादात आपल्या देशातल्या वनव्यवस्थापनाचा सगळा पेच आहे. लोकसहभागाशिवाय जंगल टिकत नाही, हे आता सगळेच म्हणतात. वनखातं म्हणतं, जागतिक बँक म्हणते, प्रत्येक योजनेच्या प्रस्तावनेत ते वाक्य असतं. पण गेल्या पन्नास वर्षांतले देशातले आणि देशाबाहेरचे प्रयोग एकापुढे एक ठेवून पाहिले की मला एक गोष्ट ठळक दिसते. गावाकडे फक्त राखणीचं काम आलं, तिथे ती राखण योजनेच्या निधीइतकीच टिकली. काय तोडायचं, किती तोडायचं, कोणाला विकायचं आणि काय मुळीच तोडायचं नाही हे ठरवायचा अधिकार गावाकडे आला, तिथे जंगल बऱ्याच अंशी उभं राहिलं. अपवाद दोन्हीकडे आहेत. त्यांच्याकडेही या लेखात येऊच.

हा अधिकार गावाकडून गेला कसा, ते आधी थोडक्यात. १८६४ मध्ये ब्रिटिशांनी वनखातं उभारलं, आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाची रेघ गावाच्या कुंपणापर्यंत आणून भिडवली. रेल्वेच्या स्लीपरांना सागवान आणि साल हवे होते. गुरं चारणं, सरपण आणणं, शेतासाठी टहाळ तोडणं हे हक्क होते, त्यांच्या एका रात्रीत सवलती झाल्या आणि सवलती कधीही काढून घेता येतात. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने आणि डोंगर गिळल्याची तक्रार केली आहे, ती याच काळातली. पुढे १९३० चं जंगल सत्याग्रहाचं आंदोलन महाराष्ट्रात इतकं पेटलं, त्याचं कारणही हेच. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं, सांगलीकडे बिळाशी पेटली, रायगडमधल्या चिरनेरला सप्टेंबरमध्ये गोळीबार होऊन माणसं मेली. किनाऱ्यावर मीठ होतं, तसं आत डोंगरात गवत होतं. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, खातं तेच राहिलं. विदर्भात मालगुजारी गेली, निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या वनोपजाचे, हक्क कागदावर राहिले आणि जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्यांकडे गेला. गावच्या माणसाला टोपलीसाठी चार बांबू आणले तर दंड. कारखान्याचे ट्रक मात्र रीतसर.

यामागे एक विचारही होता, आणि तो विद्यापीठांतून आलेला होता. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहिलं की सगळ्यांच्या मालकीची गोष्ट शेवटी सगळे मिळून ओरबाडतात. म्हणून ती सरकारकडे द्या किंवा खासगी करा. जगभरच्या वनखात्यांना हे पटण्याजोगंच होतं. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधल्या पुस्तकात याला उत्तर दिलं. त्यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावजंगलं, स्पेनचं पाटपाणी असे शेकडो वर्षं चाललेले सामाईक व्यवहार तपासले आणि दाखवलं की हद्द ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, राखणदार त्यांच्यातलेच असतील आणि वरचं सरकार त्यांच्या नियमांना मान देत असेल, तर सामाईक गोष्ट टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मेंढ्याला वनहक्काचा कागद मिळाला तेही तेच वर्ष.

ऑस्ट्रॉम यांची शेवटची अट, वरच्या सरकारने मान देण्याची, आपल्याकडे सगळ्यात अवघड ठरली. उत्तराखंडातल्या वनपंचायतींचं उदाहरण घ्या. १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊँच्या लोकांनी राखीव चीडवनांना आगी लावल्या, सरकार हादरलं, तक्रार समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावाने निवडलेले पंच, गावाने नेमलेला चौकीदार, कापणीच्या तारखा पंचायतीच्या. आज अशा वनपंचायती दहा हजारांहून जास्त आहेत. सोमनाथन, प्रभाकर आणि मेहता या अभ्यासकांनी २००९ मध्ये उपग्रहचित्रांवरून तुलना केली, तेव्हा वनपंचायतींची जंगलं सरकारी जंगलांइतकीच चांगली निघाली आणि त्यांच्या व्यवस्थापनाचा दर हेक्टरी खर्च सरकारी खर्चाच्या तुलनेत अगदीच किरकोळ. म्हणजे सरकारला हे स्वस्तात पडत होतं. तरीही १९७६ पासून एकेका नियमदुरुस्तीने या पंचायतींचे अधिकार आक्रसत गेले आणि वनखात्याची सही वाढत गेली.

दुसरा धडा बंगालचा. मिदनापूर जिल्ह्यातल्या अराबारी इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी उजाड झालेल्या सालवनाच्या कडेच्या अकरा गावांशी बोलणी केली. तुम्ही राखण करा, गौण उपज तुमची आणि साल तोडणीला आला की उत्पन्नाचा चौथा हिस्सा तुमचा. तोडलेल्या सालाच्या खुंटांना धुमारे फुटतातच, फक्त ते कोणी पुन्हा तोडू नयेत. काही वर्षांत जंगल उभं राहिलं. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने आधी स्थानिकांच्या गरजा, मग महसूल असा क्रम मांडला आणि १ जून १९९० च्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापन देशभर नेलं. एक लाखाहून अधिक समित्या झाल्या, दोन कोटी हेक्टरांहून अधिक जंगल त्यांच्याकडे सोपवल्याची नोंद झाली. महाराष्ट्रातही समित्या झाल्या, संत तुकाराम वनग्राम योजनेतून चांगल्या समित्यांना बक्षिसं मिळाली, आणि काही गावांनी खरोखर मनापासून काम केलं.

पण समितीचा सचिव बहुतेक ठिकाणी वनखात्याचाच कर्मचारी, खात्यावर सही त्याची, कार्य आयोजना वरून आलेली. समिती बरखास्त करायचा अधिकारही खात्याकडेच. अराबारीत बॅनर्जी गावाशी वाटाघाट करत होते. परिपत्रकातून आलेल्या समितीत वाटाघाटीला जागाच नव्हती. परकीय मदतीचा प्रकल्प संपला की बैठका संपल्या, बैठका संपल्या की कुऱ्हाडी परत आल्या. मला वाटतं, या समित्यांचा दोष लोकांच्या आळसात शोधणं हा अन्याय आहे. ज्या जंगलाचा हिस्सा कधी मिळेल याची खात्री नाही, त्यासाठी पौषातल्या थंडीत रात्रीची गस्त कोण आणि किती वर्षं घालील?

२००६ चा वनहक्क कायदा इथे मुळातून वेगळा आहे. वैयक्तिक पट्ट्यांचीच चर्चा जास्त होते, पण त्याचा खरा जीव कलम ३(१)(झ) मध्ये आहे. गाव परंपरेने जे जंगल वापरत आणि राखत आलं आहे, त्याचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेचा. कायदा तो हक्क नव्याने देत नाही, आधीपासून असलेला मान्य करतो. २०१२ च्या नियमदुरुस्तीने वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे दिला. मेंढ्याच्या भांडणाचं ते फळ. या बाबतीत महाराष्ट्र देशात पुढे आहे आणि महाराष्ट्रात गडचिरोली. तिथे चौदाशेहून अधिक गावांना सामूहिक हक्काचे दाखले मिळाले आहेत. देशाचं चित्र मात्र फारच फिकं. कायद्याला दहा वर्षं झाली तेव्हा स्वयंसेवी संस्थांच्या एका गटाने हिशेब मांडला, त्यात सामूहिक हक्काखाली येऊ शकणाऱ्या क्षेत्रापैकी जेमतेम ३ टक्क्यांवर हक्क मान्य झाले होते.

मेंढ्याबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ अनेकांनी वाचलं असेल. त्यामुळे गावाच्या घोषणेची, ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ याची, पुन्हा उजळणी करत नाही. इथे मला सांगायचं आहे ते कायद्याच्या आधीचं. हक्काचा दाखला २००९ चा, पण तयारी १९८० च्या दशकातली. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात गडचिरोलीत मोठं आंदोलन झालं, त्यातून देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहकारी एकत्र आले. धरणं थांबली, मग प्रश्न आला की वाचवलेलं जंगल आपण स्वतः कसं वापरतो. गावाने अभ्यास गट सुरू केले. कोणताही निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत राहायचं, असं ठरलं. एकाची हरकत राहिली तरी विषय पुढच्या बैठकीला. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेळखाऊ वाटतं. जंगलाच्या बाबतीत मात्र ते बिनतोड आहे, कारण ज्याला नियम पटला नाही तो माणूस रात्री एकटा कुऱ्हाड घेऊन जाऊ शकतो आणि अठराशे हेक्टरांत त्याला अडवायला कोणतीही यंत्रणा पुरत नाही.

बांबू तोडण्याची रीत जवळून पाहिली की हे जास्त नीट कळतं. बांबू बेटाने वाढतो. पावसाळ्यात जमिनीतून वास्ते वर येतात. कोवळे असताना भाजीला चवदार, म्हणून तेच सगळ्यात आधी तोडले जातात. ते तोडले तर बेटाचं पुढचं पीकच गेलं. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू ठेवायचा, पिकलेला घ्यायचा, बेटात ठरावीक संख्येने बांबू उभे सोडायचे, जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर छाट घ्यायची, कडेचा बांबू राखून आतला काढायचा. एका पट्ट्यात तोड झाली की तीन-चार वर्षं त्याला हात लावायचा नाही. हे सगळं वनखात्याच्या पुस्तकातही आहे. पण ठेकेदाराच्या मजुराला बंडलांवर पैसे मिळतात आणि कडेचा, हाताला लागणारा बांबू तोडणं सोपं. तो यंदा इथे, पुढच्या वर्षी कुठे कोण जाणे. मेंढ्याचा तोडणारा पुढच्या खेपेला त्याच बेटापाशी येणार असतो. विक्रीचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात, मजुरी ग्रामसभेने ठरवलेली, उरलेल्यातून जंगलाची कामं. या व्यवहारासाठी ग्रामसभेने पॅन क्रमांक काढला, रोजगार हमीची कार्यान्वयन यंत्रणा म्हणून मान्यता मिळवली. २०१३ मध्ये तर गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव मला मेंढ्याहूनही महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे ग्रामसभेने मिळणारं उत्पन्न सोडलं. २०१२ मध्ये पाचगावला सुमारे १,००० हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबू विक्री सुरू झाली. आणि गावाने ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही.

हे किती मोठं आहे, ते तेंदूचा हंगाम पाहिलेल्यालाच कळेल. मे महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे हा हंगाम चालतो आणि पूर्व विदर्भातल्या घराला वर्षभरातली सगळ्यात मोठी रोख रक्कम त्यातून मिळते. अंधार असतानाच बायका आणि पोरं जंगलात जातात, ऊन चढायच्या आत ओझं घेऊन परततात, मग अख्खं घर ओसरीत बसून पानं सारखी करतं, सत्तर पानांचा पुडा बांधतं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी. तिथे पुडे उन्हात ओळीने मांडून वाळवायचे, उलटवायचे, पाणी शिंपडून मऊ करून बोऱ्यात भरायचे. चांगलं, मऊ, डाग नसलेलं पान येतं ते बुटक्या झुडपांवर. म्हणून हंगामाआधी खुटकटाई होते, आणि नवी पालवी लवकर फुटावी म्हणून जंगलाला आग लावली जाते. मोठ्या झाडांच्या फांद्याही छाटल्या जातात. आगीत वाढू पाहणारी रोपं जळतात, पक्ष्यांची घरटी जातात, जमीन उघडी पडते. पाचगावने हे सगळं मोजलं आणि शिवाय विडीने माणसाचं होणारं नुकसानही मोजलं. जंगलाचा एक तुकडा त्यांनी देवराईसारखा पूर्ण राखीव ठेवला. हा निर्णय कोणत्याही कार्य आयोजनेत लिहिलेला नव्हता. सरकारी तेंदू लिलावातून महसूल मिळवणाऱ्या यंत्रणेला तो सुचलाही नसता. बांबूचं उत्पन्न हाती होतं म्हणून तेंदू सोडणं परवडलं, ही बाजूही नोंदली पाहिजे. ज्या गावाच्या जंगलात बांबू नाही त्याला हाच निर्णय घ्या म्हणून सांगता येणार नाही.

दाट जंगल राखणं एक आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा करणं दुसरं. अमरावतीच्या अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टर मिळाले, त्यात झाड म्हणावं असं फारसं नव्हतं. ‘खोज’ या संस्थेच्या सोबतीने गावाने रोजगार हमीतून बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, चराई थांबवली. डोंगरावर आपोआप वाढणाऱ्या सीताफळांची नीट राखण करून ती ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईच्या बाजारात पाठवली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा याच्याही आधीचं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लावून घेतली, दंड ठरवले आणि चारशे हेक्टरांच्या आसपास जंगल वाढवलं. पावसाळ्यात तिथे रानभाज्यांचा महोत्सव भरतो. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्याचं काम वनहक्क कायद्याच्या आधीचं आहे. गावाने हक्काची वाट न पाहता, तो आपलाच आहे असं धरून काम केलं. माझ्या म्हणण्याला हा अपवाद वाटेल. पण बारीपाड्यातही नियम गावाने केले, दंड गावाने घेतला, आणि खात्याने ते चालू दिलं.

देशाबाहेरचा पुरावा काय सांगतो? नेपाळने १९५७ मध्ये जंगलांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढची दोन दशकं डोंगर बोडके होताना पाहिले. १९९३ च्या कायद्याने वापरकर्ता गटांना जंगलं सोपवली. आज असे बावीस हजारांहून जास्त गट आहेत आणि उपग्रहचित्रांनुसार नेपाळचं वनाच्छादन १९९२ मधल्या २६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय गटांना देता येणार नाही. तरुण मंडळी आखाती देशांत कामाला गेली, डोंगरातली शेती पडीक पडली, तिथेही झाडं आली. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधलं संशोधन जास्त बोलकं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की आदिवासींच्या सामूहिक जमिनीची कायदेशीर नोंद शेवटच्या टप्प्यापर्यंत, राष्ट्राध्यक्षांच्या सहीपर्यंत, पूर्ण झाली तिथे जंगलतोड लक्षणीय घटली. प्रक्रिया अर्धवट राहिली तिथे तसा परिणाम दिसला नाही. ग्वाटेमालाच्या माया राखीव क्षेत्रात गावांच्या संस्थांना इमारती लाकूड आणि चिकल डिंक काढायची परवानगी आहे, आणि त्यांच्या पट्ट्यांतली तोड आजूबाजूच्या कडक संरक्षित उद्यानांपेक्षा कमी राहिली आहे. आपल्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याखालच्या, अनुसूचित क्षेत्रांचा अभ्यास सांगतो की स्थानिक संस्थांत आदिवासींचं प्रतिनिधित्व सक्तीचं झालं तिथे जंगलतोड कमी झाली, आणि हा परिणाम खाणींजवळच्या गावांत जास्त दिसला.

गावाच्या आत सगळं सुरळीत असतं असं मात्र कोणी समजू नये. मोह वेचणारी बाई, तेंदू तोडणारी बाई, सरपण आणणारी बाई. ग्रामसभेत बोलणारे पुरुष. बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या गटांच्या अभ्यासातून दाखवलं आहे की कार्यकारिणीत स्त्रियांचं प्रमाण पाव ते एकतृतीयांश झालं की त्या बोलू लागतात, नियम पाळले जातात आणि जंगलाची स्थिती सुधारते. २०१२ च्या नियमांत ग्रामसभेच्या गणपूर्तीत एकतृतीयांश स्त्रियांची अट आहे. ती पाळली जाते की हजेरीपटावर अंगठे उमटतात, यावर बरंच ठरतं. जंगलात आग कुठे लागली, कोणतं झाड सुकलं, मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढला तर किती वेळ लागतो, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं कोणालाच नसतं.

आणि बाजार. गडचिरोलीत तेंदूचा व्यवहार ग्रामसभांनी स्वतःकडे घेतला, तेव्हा मजुरीबरोबर रॉयल्टीही गावात येऊ लागली. २०१७ च्या हंगामात भाव चांगलेच चढले. पुढच्याच हंगामात कोसळले, काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकवले, आणि करारनामे वाचता न येणाऱ्या ग्रामसभांना वसुलीसाठी खेटे घालावे लागले. सरकारी व्यवस्थेत भावाचा धोका सरकारवर होता. आता तो गावावर आला. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी महाग्रामसभा करून एकत्र बोली लावायला सुरुवात केली, तो मला यातला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. पण गोदाम, खेळतं भांडवल, हिशेबनीस, वकील ही मदत सरकारने द्यायला हवी होती. बांबू लागवडीला अनुदान मिळतं, ग्रामसभेच्या हिशेबनिसाला मिळत नाही.

वनहक्क कायद्याने जंगल तुटलं, अशी वन्यजीव अभ्यासकांची तक्रार आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. १३ डिसेंबर २००५ ही मुदत उलटल्यावरही पट्टा मिळेल या आशेने काही भागांत नवी जमीन काढली गेली. हे उपग्रहचित्रांवर दिसतं आणि तपासता येतं. ते न तपासता सरसकट दावे नाकारले गेले, तसेच काही ठिकाणी न तपासता मान्यही झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला आणि दोन आठवड्यांत त्याला स्थगिती दिली, ती याच गोंधळामुळे. माझ्या मते सामूहिक हक्क हाच यावरचा उपाय आहे. नव्या अतिक्रमणाला सगळ्यात आधी हरकत घेतं ते गाव, ज्याच्या नावावर ते जंगल आहे.

वाघाचा प्रश्न याहून कठीण. चंद्रपूर आणि गडचिरोलीत मोह आणि तेंदूच्या दिवसांत दरवर्षी माणसं मारली जातात, त्यात बायका जास्त. संरक्षित क्षेत्राबाहेरचा वाघ ज्या जंगलात राहतो ते जंगल गावांनीच राखलेलं असतं. भरपाईची रक्कम वाढली आहे, पण पहाटे जंगलात न जाता पोट कसं भरायचं याचं उत्तर तिच्यात नाही. यावर नेमका उपाय माझ्याकडे नाही. पण वाघाच्या नियोजनाच्या बैठकीला ग्रामसभेचा माणूस बसत नाही, तोवर तो निघणारही नाही, याची मला खात्री आहे.

मोठी तोड मात्र गावं करत नाहीत. जगात १९९० च्या दशकात वर्षाला १.६ कोटी हेक्टर जंगल तुटत होतं, ते २०१५ ते २०२० या काळात १ कोटीवर आलं. आणि त्यातला सर्वात मोठा वाटा गुरांची कुरणं, सोयाबीन आणि पामतेल यांच्या विस्ताराचा. आपल्याकडे खाणी, रस्ते, धरणं. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभांना विचारलं गेलं आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुरजागडच्या लोहखनिजाविरुद्ध परिसरातल्या ग्रामसभांनी ठराव केले, खाण चालू आहे. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासण्याची जबाबदारी केंद्राने स्वतःवरून काढून राज्यांवर टाकली. मंजुरी मिळाल्यावर संमती विचारणं म्हणजे काय, हे कोणत्याही गावकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तुटलेल्या जंगलाच्या बदल्यात जमा होणारा भरपाई वनीकरणाचा निधी २०१६ च्या कायद्याने वनखात्याकडेच जातो. त्यातून कधीकधी गावांच्या सामूहिक हक्काच्या जमिनीवरच, त्यांना न विचारता, सागाची रोपं लावली जातात. वर सरकारी वनस्थिती अहवालात वनाच्छादन वाढलेलं दिसतं, कारण एक हेक्टरच्या वर, १० टक्के सावलीची कोणतीही जमीन, अगदी आमराईसुद्धा, त्या मोजणीत जंगल धरली जाते.

शेवटी कोकणाबद्दल, कारण इथे वरची सगळी चर्चा अडखळते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जंगल भरपूर दिसतं, पण वनखात्याच्या ताब्यातलं त्यातलं फार थोडं आहे. बाकी खासगी. अनेक खातेदारांच्या सामाईक सातबाऱ्यावरचं, त्यातले निम्मे मुंबईत. काही वर्षांनी ठेकेदार येतो, सगळ्या खातेदारांच्या सह्या गोळा करतो, आणि अख्खा सडा साफ होतो; खैर कातासाठी, बाकी सरपणाला आणि कोळशाला. वनहक्क कायदा इथे फारसा लागू होत नाही, कारण जमीन सरकारची नाही. संगमेश्वर तालुक्यात एका संस्थेने मालकांशी करार करून, ठरावीक रक्कम देऊन, काही वर्षं तोड न करण्याची हमी घेतली आहे, आणि त्या तुकड्यांत जंगल टिकलं आहे. देवरायाही अजून काही गावांनी राखल्या आहेत, जिथे जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंटचं मंदिर आलेलं नाही तिथे. पण करारांची मुदत संपते, पैसा बाहेरून येतो, आणि गाव म्हणून एकत्र बसायला निमित्तच उरत नाही. खासगी जंगलाच्या मालकांना एकत्र आणून तोडीचं नियोजन गावपातळीवर करायला लावील, असा कायदा महाराष्ट्रात आज नाही. झाड तोडायचा परवाना मिळतो तो एकेका मालकाला आणि एकेका सर्व्हे नंबरला.